वृद्धांचे शालेय शिक्षण : अमेरिका आणि इंग्लंड



आपल्याकडे एखाद्या वयस्क गृहस्थाजवळ त्यांच्या शिक्षणाची चौकशी केली तर पुष्कळदा ‘जुनी सातवी’, ‘नॉनमॅट्रिक’, किंवा ‘मॅट्रिक झालो आणि लगेच नोकरीला चिकटलो’ अशी उत्तरे मिळतात. ही उत्तरे आपण त्या माणसाची खाजगी हकीकत म्हणून ऐकतो. घरची गरिबी, वडिलांचे अकाली निधन, अभ्यासाचा कंटाळा, अशी काही ना काही कारणे त्या हकीकतीला जोडलेली असतात आणि ती खरीही असतात. परंतु एकाच वयाच्या हजारो माणसांची उत्तरे आपण एकत्र मांडली, म्हणजे ही खाजगी कारणे मागे पडतात आणि दुसरेच काही दिसू लागते. त्यांच्या लहानपणी गावात हायस्कूल होते की नव्हते, त्याची फी कोणाला परवडत होती, कितव्या वर्षी शाळा सोडण्यास कायद्याची मोकळीक होती आणि शाळेचा खर्च कोणाच्या खिशातून होत होता, या गोष्टी त्या उत्तरांत उमटलेल्या दिसतात. वृद्धांचे शिक्षण हा पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या राज्यकारभाराचा दाखला असतो असे म्हणावयास हरकत नाही.

हा दाखला वाचावयाचा कसा, हे दाखविण्यासाठी मी आज दोन देश निवडले आहेत : अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि इंग्लंड. ही निवड मुद्दाम केलेली आहे. अतिश्रीमंत देशाची अतिगरीब देशाशी तुलना केली तर फरक दिसणारच, आणि त्याचे कारणही फार शोधावे लागत नाही. येथे मात्र तसे नाही. दोन्ही देशांची भाषा एक, कायद्याची परंपरा मुळात एक, दोघेही कारखानदारीत पुढारलेले आणि दोघेही संपन्न. असे असूनही विसाव्या शतकात या दोन देशांतील सामान्य मुलांच्या वाट्याला आलेले माध्यमिक शिक्षण इतके वेगळे होते की, त्याच्या खुणा त्या मुलांच्या म्हातारपणापर्यंत पुसल्या गेल्या नाहीत.

प्रथम आकडे पाहू. अमेरिकेत १९६५ साली पासष्ट वर्षांवरील माणसांपैकी शेकडा २४ जणच हायस्कूल पूर्ण केलेले होते. २०१० साली हेच प्रमाण शेकडा ८० झाले. म्हणजे पंचेचाळीस वर्षांच्या अवधीत वृद्धांचा वर्ग जवळजवळ अशिक्षिताचा सुशिक्षित झाला. याचा अर्थ म्हाताऱ्या माणसांनी शाळेत जाण्यास प्रारंभ केला असा नव्हे. एक पिढी निघून गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, इतकेच घडले. आता इंग्लंडकडे पाहा. २०११ च्या शिरगणतीत इंग्लंड व वेल्समधील पासष्ट व त्यांवरील वयाच्या माणसांपैकी शेकडा ५३ जणांजवळ कोणत्याही परीक्षेचे वा धंदेशिक्षणाचे प्रमाणपत्र नव्हते. एका वर्षाच्या अंतराने घेतलेली ही दोन चित्रे आहेत. एका देशात दर दहा वृद्धांतील आठ जण हायस्कूल उतरलेले. दुसऱ्या देशात दहांतील पाचांहून अधिक जणांच्या हाती एक कागदही नाही.

हे आकडे एकमेकांतून सरळ वजा करता येत नाहीत, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेतील हायस्कूलचा दाखला ज्या त्या शाळेकडून मिळत असे. ठराविक वर्षे हजर राहून ठरलेले विषय पुरे केले की तो हाती पडे. इंग्लंडातील प्रमाणपत्र बाहेरच्या परीक्षक-मंडळाच्या परीक्षेचे असे आणि ती परीक्षा कठीण असे. एकीकडे हजेरीचे माप, दुसरीकडे परीक्षेचे. शिरगणतीतील प्रश्नांतही हाच भेद उतरलेला आहे. अमेरिकेने १९३० पर्यंत माणसाला लिहितावाचता येते काय, एवढेच विचारले. १९४० साली तो प्रश्न काढून टाकून ‘कितवी इयत्ता पूर्ण केली’ असा नवा प्रश्न घातला. इंग्लंडने १९५१ साली विचारले ते हे की, पूर्णवेळ शिक्षण कितव्या वर्षी थांबले. प्रश्न विचारणारा ज्या गोष्टीला महत्त्व देतो तिचाच तो प्रश्न करतो. अमेरिकेच्या मनात पायऱ्या होत्या आणि इंग्लंडच्या मनात शाळा सोडण्याचे वय होते.

आणखी एक सावधगिरी बाळगावयास हवी. म्हातारी माणसे आपल्या शाळेची हकीकत सांगताना ती थोडी वाढवून सांगतात. क्लॉडिया गोल्डिन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९४० च्या शिरगणतीतील उत्तरे शाळांच्या जुन्या दप्तरांशी ताडून पाहिली, तेव्हा वयस्क माणसांपैकी हायस्कूल पूर्ण केल्याचे सांगणारांची संख्या त्या काळच्या शाळांतून खरोखर उत्तीर्ण झालेल्यांपेक्षा अधिक भरली. यात लबाडीच असते असे नाही. खेड्यातील एका खोलीच्या शाळेत जो मुलगा थंडीच्या दिवसांत दहा-बारा वर्षे जाऊन बसला, त्याला आपण दहावी-बारावीपर्यंत शिकलो असेच वाटणार. शिवाय शिकलेली माणसे सरासरीने अधिक जगतात, त्यामुळे वृद्धांच्या मोजणीत त्यांचा भाग आपोआप वाढतो. ही सारी सूट दिली तरी दोन देशांमधील अंतर मिटत नाही. ते कोठून आले हे पाहावयाचे तर आपणास सव्वाशे-दीडशे वर्षे मागे गेले पाहिजे.

मिशिगन संस्थानात कॅलामझू नावाचे एक गाव आहे. तेथील शाळाखात्याने हायस्कूल चालविले होते आणि त्यासाठी गावकऱ्यांवर कर बसविला होता. गावातील काही प्रतिष्ठित करदात्यांना हे पटले नाही. त्यांचा पुढारी चार्ल्स स्टुअर्ट हा पूर्वी अमेरिकेच्या सेनेटचा सभासद राहिलेला गृहस्थ होता. या मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे : लिहिणे, वाचणे आणि हिशेब सर्वांना यावे यासाठी कर घेणे योग्य, पण त्यापुढील विद्या ज्याला हवी त्याने आपल्या पैशाने घ्यावी. दुसऱ्याच्या मुलाला लॅटिन शिकविण्यासाठी आम्ही कर का द्यावा? फिर्याद संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १८७४ साली न्यायमूर्ती टॉमस कूली यांनी निकाल दिला की, मतदारांनी रीतसर संमती दिली असेल तर शाळेत काय शिकवावे यावर मिशिगनच्या राज्यघटनेत वा कायद्यात कोणतीही मर्यादा घातलेली नाही. हा निकाल एका संस्थानापुरता होता, परंतु इतर संस्थानांतील न्यायालयांनीही त्याचा आधार घेतला आणि सार्वजनिक पैशातून हायस्कूल चालविण्याचा मार्ग निर्वेध झाला.

इंग्लंडात हाच प्रश्न पाव शतकानंतर उपस्थित झाला. १८७० च्या कायद्याने तेथे लोकनियुक्त स्कूल बोर्डे स्थापन झाली होती. ती प्राथमिक शाळांसाठी होती. परंतु शेफील्ड, ब्रॅडफर्ड, लीड्स यांसारख्या उद्योगी शहरांतील बोर्डांनी हळूहळू वरचे वर्ग काढले. या ‘हायर ग्रेड’ शाळांतून कारागिरांची आणि दुकानदारांची मुले शास्त्र, गणित, चित्रकला शिकू लागली. कोणी हुकूम सोडला नव्हता. गरजेपोटी खालून उगवलेले हे माध्यमिक शिक्षण होते. १८९९ साली कॉकर्टन नावाच्या सरकारी हिशेबतपासनिसाने लंडन बोर्डाच्या अशा खर्चावर बोट ठेवले. घरपट्टीचा पैसा प्राथमिक शिक्षणाखेरीज अन्य शिक्षणावर खर्च करण्याचा बोर्डाला अधिकार नाही, असे त्याने ठरविले. बोर्डाने दाद मागितली, पण न्यायालयाने हिशेबतपासनिसाचा निर्णय उचलून धरला आणि १९०१ साली अपिलातही तोच कायम झाला.

तेव्हा एकच प्रश्न दोन देशांतील न्यायासनांपुढे आला आणि दोन विरुद्ध उत्तरे मिळाली. निकाल देणाऱ्यांच्या बुद्धीत फरक होता असे नाही. मिशिगनमध्ये कायद्याने लोकांच्या हातात अधिकार मोकळा ठेवला होता. इंग्लंडात कायद्याने तो आखून दिला होता. पुढे जे झाले त्याचे बीज या आखणीत आहे.

अमेरिकेत काय झाले ते आधी पाहू. १९१० साली हायस्कूल पूर्ण करणाऱ्या तरुणांचे प्रमाण शेकडा ९ होते. १९४० साली ते शेकडा ५० च्या आसपास पोचले. हायस्कूलच्या वयाच्या मुलांपैकी शाळेच्या पटावर असणारांचे प्रमाण याच तीस वर्षांत शेकडा १८ वरून ७० च्या वर गेले. या चळवळीचा उगम न्यूयॉर्क-शिकागोसारख्या मोठ्या शहरांत झाला असेल असे कोणासही वाटेल. वस्तुतः ती आयोवा, कॅन्सस, नेब्रास्का यांसारख्या मक्याच्या आणि गव्हाच्या मुलखांतील लहान गावांत सर्वांत जोराने फोफावली. मोठ्या कारखान्यांच्या शहरांत चौदा वर्षांच्या मुलाला मजुरी मिळे, म्हणून तो शाळा सोडी. आयोवातील गावात तशी मजुरी नव्हती, आणि तेथील शेतकऱ्याला व दुकानदाराला पक्के ठाऊक होते की आपल्या सर्वच मुलांना जमीन पुरणार नाही. टंकलेखन, हिशेबनिशी, यंत्रांची माहिती, चांगली इंग्रजी भाषा असे जे हायस्कूलमध्ये मिळे ते घेऊन मुलगा वा मुलगी कोठल्याही शहरी जाऊन पोट भरू शके.

कायद्याच्या सक्तीने हे घडले काय? ज्यांनी या प्रश्नाचा कसून अभ्यास केला त्या गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी दाखविले आहे की, सक्तीच्या कायद्यांचा वाटा फार थोडा होता. घडविणारी गोष्ट दुसरी होती. त्या काळी अमेरिकेत शाळांचा कारभार पाहणारे स्थानिक विभाग सव्वा लाखाच्या वर होते. प्रत्येक विभाग आपल्या घराजमिनींवर कर बसवून आपली शाळा चालवी. निर्णय घेणारे, पैसे देणारे आणि ज्यांची मुले शिकावयाची ते, सारे एकाच गावचे. ज्या विभागाला स्वतःचे हायस्कूल परवडत नसे त्याने शेजारच्या गावातील शाळेत आपली मुले पाठवावी आणि त्यांची फी विभागाने भरावी, असे कायदे अनेक संस्थानांनी केले. मुलामुलींना बहुतेक ठिकाणी एकाच शाळेत शिकविले जाई आणि दाखला घेऊन बाहेर पडणाऱ्यांत मुलींची संख्या मुलांपेक्षा अधिक असे.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने ती मला सर्वांत मोलाची वाटते. आपण सहज समजतो की, म्हाताऱ्या माणसांना शाळेचा कर नको असतो. त्यांची मुले मोठी झालेली असतात, मग त्यांनी दुसऱ्याच्या मुलांसाठी खिशात हात का घालावा? परंतु अमेरिकेत जेथे वृद्धांचे प्रमाण अधिक आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या एके ठिकाणी स्थिर राहिलेले, तेथे हायस्कुले कमी नव्हे, अधिक वाढलेली दिसली. ज्यांनी स्वतः सहावी-आठवीच्या पुढे पाऊल टाकले नव्हते अशा आजोबांनी नातवंडांच्या आणि शेजाऱ्यांच्या नातवंडांच्या हायस्कुलासाठी कर सोसला. १९६५ च्या गणनेत अल्पशिक्षित म्हणून ज्यांची नोंद झाली, त्यांच्याच करांवर २०१० च्या सुशिक्षित वृद्धांपैकी वडीलधाऱ्यांची शाळा उभी राहिली होती.

पुढे १९२९ नंतर मंदी आली. तरुणांना काम मिळेना, तेव्हा ते शाळेतच राहिले. १९३८ च्या कायद्याने सोळा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत घेण्यास बंदी झाली. आपत्तीतूनही शाळेचे वर्ग भरले, असा हा विचित्र योग होता.

तथापि हे चित्र सर्व अमेरिकनांचे नाही. दक्षिणेकडील संस्थानांत नीग्रो नागरिकांना, म्हणजे आज ज्यांना कृष्णवर्णीय अमेरिकन म्हणतात त्यांना, हायस्कूल जवळजवळ मिळतच नव्हते. जॉर्जिया संस्थानातील ऑगस्टा येथे त्यांच्यासाठी एक सार्वजनिक हायस्कूल होते. १८९७ साली स्थानिक शाळामंडळाने पैसे पुरत नाहीत या सबबीवर ते बंद केले आणि गोऱ्या मुलामुलींचे माध्यमिक शिक्षण मात्र चालू ठेवले. पालकांनी दाद मागितली, पण १८९९ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या कृतीत हात घालण्याचे नाकारले. १९४० च्या शिरगणतीत पंचवीस वर्षांवरील सर्व अमेरिकनांच्या शिक्षणाचा मध्य ८.६ वर्षे भरला. नीग्रो नागरिकांचा सहा वर्षांच्याही आत राहिला. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाविरोधी ठरविल्या, तरी व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड तालुक्याने १९५९ पासून १९६४ पर्यंत आपल्या सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी पुष्कळांची पाच वर्षे कायमची गेली. ती मुले आज वृद्ध आहेत. तेव्हा ज्या स्थानिक सत्तेने आयोवात शाळा उभारल्या, त्याच स्थानिक सत्तेने जॉर्जियात व व्हर्जिनियात त्या बंद केल्या. गावाच्या हाती अधिकार दिला म्हणजे न्याय होतोच असे नाही. गावात कोणाला गावकरी समजतात यावर ते अवलंबून असते.

आता इंग्लंडकडे वळू. कॉकर्टन प्रकरणानंतर १९०२ साली नवा कायदा झाला. अडीच हजारांवर स्कूल बोर्डे मोडीत निघाली आणि त्यांच्या जागी काउंट्या व शहरे यांची तीनशेहून थोडी अधिक शिक्षणमंडळे आली. या मंडळांना माध्यमिक शाळा काढण्याचा अधिकार मिळाला, ही मोठीच प्रगती होती. परंतु ज्या शाळा निघाल्या त्या जुन्या ग्रामर स्कूलच्या वळणावर निघाल्या आणि त्यांना फी होती. १९०७ साली सरकारने नियम केला की, अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळांनी सामान्यतः शेकडा २५ जागा प्राथमिक शाळांतून आलेल्या हुशार मुलांना विनामूल्य द्याव्या. त्यासाठी परीक्षा आली. ‘स्कॉलरशिप’ मिळविणारा मुलगा हा गल्लीचा अभिमानाचा विषय झाला. परंतु जागा मिळूनही ती नाकारणारी कुटुंबे थोडी नव्हती. कारण गणवेषाचा खर्च होता आणि मुलाच्या मिळकतीवर पाणी सोडावे लागे. १९३२ साली काटकसरीच्या धोरणात या विनामूल्य जागांनाही पालकांच्या उत्पन्नाची कसोटी लागली.

बाकीच्या मुलांसाठी प्रश्न एकच होता : शाळा सोडावयाची कधी? लँकेशायरमधील कापडगिरण्यांच्या गावांत बारा वर्षांची मुले अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत काढीत. १९१८ च्या फिशर कायद्याने ही पद्धत रद्द करून शाळा सोडण्याचे वय चौदा केले. चौदा ते अठरा वयाच्या कामकरी मुलांसाठी अर्धवेळ शाळांची योजनाही त्या कायद्यात होती. १९२२ च्या खर्चकपातीत ती जवळजवळ सर्वत्र बारगळली. त्याच वर्षी आर. एच. टॉनी यांनी मजूरपक्षाच्या वतीने सर्वांना माध्यमिक शिक्षण मिळावे ही मागणी ग्रंथरूपाने मांडली. १९२६ च्या हॅडो समितीने अकराव्या वर्षी प्राथमिक शिक्षण संपवून पुढे सर्वांसाठी माध्यमिक टप्पा असावा आणि शाळेचे वय पंधरा करावे अशी शिफारस केली. दहा वर्षे गेली. १९३६ साली कायदा झाला; त्यातही ‘हितकारक नोकरी’ मिळाल्यास सूट होतीच. कायदा अमलात येण्याची तारीख ठरली १ सप्टेंबर १९३९. त्याच दिवशी हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये शिरल्या. शहरांतील मुले खेड्यांत हलविली जाऊ लागली आणि कायदा कागदावर राहिला.

महायुद्ध चालू असतानाच १९४४ चा बटलर कायदा संमत झाला. सार्वजनिक माध्यमिक शाळांतील फी रद्द झाली, आणि १ एप्रिल १९४७ पासून शाळेचे वय पंधरा झाले. बॉम्बहल्ल्यांनी शाळा पडलेल्या, लाकूड-सिमेंटची टंचाई, शिक्षक अपुरे. तरी शिक्षणमंत्री एलन विल्किन्सन बाईंनी तारीख पुढे ढकलू दिली नाही. तो दिवस पाहण्यास त्या मात्र उरल्या नाहीत. फेब्रुवारीतच त्यांचा अंत झाला. शाळांच्या आवारांत तात्पुरत्या खोल्या उभारून वाढलेले वर्ग बसविण्यात आले. १९३३ च्या एप्रिलपूर्वी जन्मलेले मूल चौदाव्या वर्षी सुटत होते. त्यानंतर जन्मलेले एक वर्ष अधिक शिकले. २०११ साली जे अठ्ठ्याहत्तरीच्या पुढे होते ते या रेषेच्या पलीकडचे होत.

परंतु पंधरा वर्षांपर्यंत शाळा मिळाली तरी प्रमाणपत्र मिळालेच असे नव्हते. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची विभागणी होई. सरासरीने पाचांतील एखाद्याला ग्रामर स्कूल, काही भागांत थोडे अधिक, काही भागांत थोडे कमी. तांत्रिक शाळा फारच थोड्या निघाल्या. उरलेली बहुसंख्य मुले ‘सेकंडरी मॉडर्न’ शाळेत जात. १९५१ साली जुन्या स्कूल सर्टिफिकेटच्या जागी नवी परीक्षा आली, तिला प्रारंभी सोळा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज बसता येत नसे. पंधराव्या वर्षी शाळा सोडणाऱ्या मुलाला ती परीक्षा भेटणारच कोठे? सामान्य मुलांसाठी वेगळी परीक्षा निघण्यास १९६५ साल उजाडावे लागले. शाळा सोडण्याचे वय सोळा करणारा बदल १९७२ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. म्हणजे १९५७ च्या सप्टेंबरपूर्वी जन्मलेल्या इंग्रज मुलाला पंधराव्या वर्षी, कोणतीही परीक्षा न देता, शाळेबाहेर पडण्याची कायद्याने मोकळीक होती, आणि मोठ्या संख्येने मुले तशी पडलीही. २०११ सालचे पासष्टीपुढचे सर्व इंग्रज या मोकळीकीच्या काळातील होते. त्या शेकडा ५३ चा उलगडा येथे होतो. ती माणसे मंदबुद्धीची नव्हती. त्यांच्या वेळच्या व्यवस्थेने त्यांना तपासलेच नव्हते. किंवा अकराव्या वर्षी एकदा तपासून बाजूला ठेवले होते.

येथे कोणी विचारील की, मग इंग्लंडची पद्धत सर्वस्वी वाईट आणि अमेरिकेची चांगली असे समजावे काय? तसा निकाल देणे योग्य होणार नाही. ग्रामर स्कूलमधून बाहेर पडलेल्या मुलाची विषयातील तयारी सामान्य अमेरिकन हायस्कूलच्या विद्यार्थ्यापेक्षा पक्की असे, आणि ती गरीब घरच्या कित्येक मुलांना लाभली. अमेरिकन हायस्कूल पुष्कळदा उथळ असे. त्याची पातळी गावागणिक बदले. परंतु प्रश्न असा की, देशाला थोड्यांची खोली हवी की सर्वांची रुंदी, आणि आधी कोणती? अमेरिकेने प्रथम दार उघडले आणि दर्जाची चिंता नंतर केली. इंग्लंडने दर्जा सांभाळला आणि दार हळूहळू किलकिले केले. दार बंद असताना जे बाहेर राहिले, त्यांच्यासाठी नंतरची सुधारणा फार उशिरा आली. पंधरा वर्षांचे वय पुन्हा येत नाही.

तथापि बाहेर राहिलेल्यांची हकीकत एवढ्यावर संपत नाही. अमेरिकेत १९४२ पासून सैनिकांसाठी आणि पुढे सर्व प्रौढांसाठी हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा निघाली. इंग्लंडात १९०३ सालीच ॲल्बर्ट मॅन्सब्रिज यांनी कामगार-शिक्षण-संघ स्थापन केला होता. १९०८ मध्ये रॉचडेलचे गिरणीकामगार आणि लाँगटनचे कुंभारकाम करणारे लोक दिवसभराच्या कष्टानंतर टॉनींच्या वर्गांना येऊन बसत आणि अर्थशास्त्रावर निबंध लिहीत. १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९७१ पासून तेथे पूर्वीच्या कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय पदवीचा अभ्यास करता येऊ लागला. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेल्या कितीतरी गृहिणींनी आणि कामगारांनी त्या दारातून प्रवेश केला. शिरगणतीच्या रकान्यात ‘प्रमाणपत्र नाही’ अशी नोंद असलेल्या माणसाने आयुष्यभर वाचनालय आणि व्याख्याने सोडलेली नसतात, हेही आपण विसरता कामा नये. अशा व्याख्यानमालेत बसलेल्या श्रोत्यांना हे अधिक सांगावयास नको.

या दोन देशांशी आपला संबंध केवळ कुतूहलाचा नाही. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात आणले, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्लंडचे १८७० व १८७६ चे कायदे नमुन्यादाखल होते. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोधकांच्या आक्षेपांत पैशाचा आणि करांचा आक्षेप होताच. ते विधेयक त्या वेळी संमत झाले असते तर १९७० सालच्या भारतीय वृद्धांची साक्षरता किती वेगळी दिसली असती, याचा अंदाज आपण प्रत्येकाने करावा. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा हुकूम काढला, तो हे विधेयक पडल्यानंतर पाच वर्षांनी. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि पुढे लंडनलाही शिकले. अमेरिकेतील हायस्कुलांची ती वाढ ऐन भरात होती, त्याच काळात.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने १९५० साली चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचे ध्येय दहा वर्षांत गाठण्याचे ठरविले. ते हक्काच्या कायद्यात उतरण्यास २००९ साल लागले, आणि तो हक्कही सहा ते चौदा या वयापुरताच आहे. चौदा हे वय आपण आज ऐकले आहे. १९१८ साली फिशरने इंग्रज मुलांसाठी जी रेषा आखली तीच ही. त्या रेषेवर एकोणतीस वर्षे थांबल्याची किंमत इंग्लंडमधील माणसांनी ऐंशीव्या वर्षापर्यंत दिली. नववी-दहावीच्या उंबरठ्यावर आज जी मुले, विशेषतः ज्या मुली, गावात पुढची शाळा नाही म्हणून किंवा घरच्या कामासाठी थांबतात, त्यांची मोजणी आपल्या देशाच्या शिरगणतीत पन्नास वर्षांनी वृद्धांच्या रकान्यात होणार आहे. तेव्हा तो आकडा वाचणारे म्हणतील की, या पिढीतील म्हातारी माणसे फारशी शिकलेली नव्हती. त्या आकड्याची जबाबदारी मात्र आज जे प्रौढ आहेत, कर देतात आणि मते देतात, त्यांच्याकडेच राहील. आयोवातील अल्पशिक्षित आजोबांनी ती ओळखली होती. आपणही ती ओळखावी.